इथे जन्मले, इथेच वाढले, तरी नागरिक तिबेटचे

दिवाळी सरते, पहाटे अंगावर शाल ओढावीशी वाटते आणि गावातल्या एखाद्या मैदानावर किंवा फूटपाथवर स्वेटरच्या दुकानांची रांग लागते. पुणे असो, नाशिक असो की नागपूर, ही दुकानं मांडणाऱ्यांना आपण वर्षानुवर्षं 'तिबेटी स्वेटरवाले' म्हणून ओळखतो. माल बहुतेक लुधियानाचा असतो. भावात घासाघीस केली तर ते नुसते हसतात आणि 'फिक्स रेट'च्या पाटीकडे बोट दाखवतात. लहानपणी आईने घेऊन दिलेला पहिला कानटोपीचा सेट याच दुकानातला, असं सांगणारे निदान चार जण तुमच्या घरात निघतील.

पुढच्या वेळी स्वेटर घेताना त्यांना विचारा, "तुमचं गाव कुठलं?" समोरचा माणूस तिशी-चाळिशीतला असेल, तर तिबेट त्याने बहुधा कधी पाहिलेलाच नसतो. तो जन्मला भारतात आणि शाळेतही गेला भारतात. कर्नाटकातला असेल तर कन्नड बोलतो आणि आपल्याशी व्यवहार करण्याइतकं हिंदीही. यातले कित्येक जण कर्नाटकातल्या वसाहतींमधून येतात. शेतातला मका काढून झाला की दोन-तीन महिने स्वेटर विकायचे आणि तिबेटी नववर्षाला, म्हणजे लोसारला, घरी परतायचं, असा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम आहे.

पण याच माणसाला त्याचं नागरिकत्व विचारलं, तर उत्तर इतकं सरळ येत नाही.

म्हैसूरहून ऐंशी किलोमीटर

मे महिन्याच्या सुट्टीतली म्हैसूर-कूर्ग सहल आपल्याकडच्या अनेक कुटुंबांनी केलेली असते. म्हैसूरचा राजवाडा, चामुंडी टेकडी, वृंदावन गार्डन झालं की गाडी हुणसूर, पिरियापट्टणमार्गे मडिकेरीकडे निघते. कुशालनगरच्या थोडं अलीकडे चालक म्हणतो, "इथे गोल्डन टेम्पल आहे, अर्धा तास थांबू." मग आपण उतरतो. नामड्रोलिंग मठाच्या मंदिरातल्या सुमारे ६० फूट उंचीच्या तीन सोनेरी मूर्ती बघतो, फोटो काढतो, बाहेर येऊन मोमो खातो. लाल वस्त्रातले छोटे भिक्खू बघून मुलं हरखून जातात. अर्धा तास संपतो.

या जागेचं नाव बैलकुप्पे. कुशालनगर कोडगू जिल्ह्यात आणि बैलकुप्पे म्हैसूर जिल्ह्यात. आपण ज्याला पर्यटनस्थळ समजतो ते खरं तर एक मोठं गाव आहे. एक गाव तरी कसं म्हणायचं, शेतांमध्ये पसरलेल्या अनेक वाड्या आहेत. भारतातल्या तिबेटी वसाहतींपैकी ही सर्वांत जुन्या आणि मोठ्या वसाहतींमध्ये मोडते.

१९५९ च्या मार्चमध्ये दलाई लामा सीमा ओलांडून भारतात आले. त्यांच्या मागोमाग हजारो लोक आले. सुरुवातीला त्यांतल्या अनेकांना हिमालयातल्या रस्त्यांच्या कामावर लावलं गेलं. थंड, उंच प्रदेशातून आलेली माणसं तंबूत राहून दगड फोडत होती. त्यांना कायमची जागा देण्याचा प्रश्न केंद्र सरकारने राज्यांपुढे मांडला, तेव्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्याने बैलकुप्पेची सुमारे ३,००० एकर जमीन देऊ केली. १९६० च्या शेवटी आणि १९६१ मध्ये पहिल्या तुकड्या इथे पोहोचल्या.

जमीन म्हणजे जंगलच होतं. झाडं तोडायची, मुळं जाळायची आणि रात्री हत्ती आले की डबे वाजवत त्यांना हाकलायचं. ल्हासाच्या थंडीत वाढलेल्या माणसांना म्हैसूरचा उन्हाळा झेपेना. आजारपणात बरीच माणसं गेली. आज सोनेरी मंदिरासमोर उभं राहून ते दिवस डोळ्यांपुढे आणणं कठीण आहे. मंदिर १९९९ चं. मठाची सुरुवात मात्र १९६३ मध्ये पेनोर रिंपोचे यांनी मोजक्या भिक्खूंसह केली होती.

नंतर इथे सेरा मठही उभा राहिला. मूळचा सेरा ल्हासाजवळचा, १४१९ मध्ये स्थापन झालेला. १९७० पासून 'दुसरं सेरा' बैलकुप्पेत आहे आणि तिथे हजारो भिक्खू शिकतात. केंद्र सरकारने तिबेटी मुलांसाठी शाळा काढल्या. वसाहतीने सहकारी संस्था उभारली, ट्रॅक्टर आले, गालिचे विणण्याचं काम सुरू झालं. हुणसूर, कोळ्ळेगाल आणि उत्तर कन्नडमधलं मुंडगोड इथेही वसाहती वसल्या. आपल्या महाराष्ट्रातही एक आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. नवेगाव बांधला पक्षी बघायला जाणाऱ्यांपैकी फारच थोडे तिथे वळतात.

पाहुण्याचे कागद

परदेशात वर्षानुवर्षं राहायचं आणि नागरिकत्व मात्र आपल्याच देशाचं ठेवायचं, हे आपल्याला नवं नाही. दुबईत तीस वर्षं नोकरी केलेले काका किंवा जर्मनीतली मावसबहीण हेच करतात. निळं पासपोर्ट पुस्तक संपलं की वकिलातीत जाऊन नवं घेतात. त्यांच्या मागे एक देश उभा असतो.

बैलकुप्पेतल्या माणसाच्या मागे असा देश नाही. त्याला तिबेटी पासपोर्ट देणारं, जगाने मान्य केलेलं सरकार अस्तित्वात नाही. तरी तो स्वतःला तिबेटचा नागरिक म्हणवतो आणि भारतात परदेशी म्हणून राहतो.

भारताच्या कायद्यात निर्वासित असा वेगळा दर्जा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताने सही केलेली नाही. त्यामुळे तिबेटी माणूस कायद्याच्या नजरेत परदेशी नागरिक ठरला. आधी १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याखाली आणि आता २०२५ च्या नव्या कायद्याखाली. म्हैसूरच्या गोकुलम भागात पट्टाभी जोईस यांच्या परंपरेतला अष्टांग योग शिकायला युरोप-अमेरिकेतून माणसं येतात आणि महिनोन्महिने राहतात, हे अनेकांना माहीत असेल. सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर त्यांना नोंदणी करावी लागते. बैलकुप्पेत जन्मलेली आजीबाईंची नात आणि गोकुलममधला योग शिकणारा अमेरिकन, दोघांचा कायद्यातला रकाना एकच. फरक इतकाच की अमेरिकनाला अडचण आली तर तो आपल्या वकिलातीत फोन करू शकतो.

तिबेटी माणसाचा मुख्य कागद म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र. सगळे त्याला 'आरसी' म्हणतात. पूर्वी ते दरवर्षी नव्याने करून घ्यावं लागायचं, आता इथेच जन्मलेल्या बऱ्याच जणांना ते पाच वर्षांनी करावं लागतं. परदेशी जायचं असेल तर भारत सरकार पिवळ्या रंगाचं एक ओळखपुस्तक देतं. त्याला 'आयसी' म्हणतात. दिसायला पासपोर्टसारखं, पण पासपोर्ट नव्हे. ते घेऊन विमानतळावर उभं राहिलं की बऱ्याचदा अधिकारी ते उलटंपालटं करून बघतात आणि वरिष्ठांना बोलावतात. बाहेर जाण्याची परवानगी वेगळी आणि परत येण्यास हरकत नाही असा शिक्का वेगळा. तो शिक्का नसेल तर जिथे जन्मलो त्या देशात परत येता येईल की नाही, याचीच खात्री नाही.

सरकारी नोकरी नाही. स्वतःच्या नावावर शेतजमीन नाही, वसाहतीची जमीन भाडेपट्ट्यावर. २०१४ मध्ये केंद्राने तिबेटी पुनर्वसन धोरण आणलं. त्यात जमिनीच्या भाडेपट्ट्याबद्दल राज्यांना एकसारख्या सूचना दिल्या आणि रेशन, रोजगार हमी यांसारख्या योजना वसाहतींना लागू करायला सांगितलं. म्हणजे सोय वाढली. दर्जा तोच राहिला.

एका घरात चार तऱ्हा

आता असं एक घर डोळ्यांपुढे आणा. घर काल्पनिक आहे, पण बैलकुप्पेत अशी घरं शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

आजी तिबेटात जन्मलेली. लहानपणी आईच्या पाठीवर बसून सीमा ओलांडलेली. तिच्याकडे आरसी आहे आणि ती मरेपर्यंत तिच्याकडे आरसीच राहणार, याबद्दल तिची तक्रारही नाही.

मुलगा १९७४ मध्ये बैलकुप्पेत जन्मलेला. इथे गंमत सुरू होते. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्माने भारतीय नागरिक आहे. आईवडील कोण, कुठले, हा प्रश्नच कायदा विचारत नाही. म्हणजे हा मुलगा जन्मल्या क्षणापासून भारतीय आहे. पण पन्नाशी आली तरी तो स्वतःला परदेशी म्हणून नोंदवत आला. कित्येक वर्षं सरकारही तसंच मानत होतं. २०१० च्या डिसेंबरमध्ये नामग्याल डोल्कर यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने कायद्यातलं हे कलम तिबेटी लोकांनाही जसंच्या तसं लागू होतं, असा निर्णय दिला. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही दुसऱ्या एका खटल्यात हीच भूमिका घेतली. मग २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने या वयोगटातल्या तिबेटी लोकांची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितलं. पासपोर्टचं मात्र अडलेलं होतं. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पुन्हा कान टोचल्यावर २०१७ मध्ये पासपोर्ट कार्यालयांना तशा सूचना गेल्या.

नात २००६ मध्ये जन्मलेली. तिच्या वेळेपर्यंत कायदा दोनदा बदलला होता. १ जुलै १९८७ पासून आई किंवा वडील यांपैकी एकजण भारतीय असणं आवश्यक झालं. ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली. एक पालक भारतीय असला तरी दुसरा बेकायदा आलेला नसावा. तिची आई १९८० मध्ये मुंडगोडला जन्मलेली असेल तर प्रश्न मिटला, नात भारतीय. पण आई १९९५ मध्ये हिमालयातल्या खिंडी ओलांडून पायी आलेली असेल तर तिच्याकडे कुठले कागद आहेत, ते कधीचे आहेत, यावर नातीचं नागरिकत्व अवलंबून. म्हणजे वडिलांनी वयाच्या तिशीत कोणाशी लग्न केलं, यावर मुलीला बँकेच्या परीक्षेला बसता येईल की नाही हे ठरणार.

आणि टोरंटोची आत्या. ती तरुणपणी गेली, तिथे स्थायिक झाली आणि रीतसर कॅनडाची नागरिक झाली. सणावारी ती व्हिडिओ कॉलवर येते. आपल्या बिऱ्हाडातल्या वयस्कर मंडळींना हे चित्र अजिबात परकं वाटणार नाही.

अशा घरात जेवणाच्या पंगतीला चौघं बसली तर चौघांचे चार कागद. भांडण होत नाही असं नाही.

मग घेत का नाहीत?

हा प्रश्न आपल्या मनात पहिला येतो. कोर्टाने सांगितलं, कायदा बाजूने आहे, तर घ्या की पासपोर्ट! पुष्कळांनी घेतलाही. पण हक्क असूनही न घेणारेही भरपूर आहेत. आणि त्यांची कारणं ऐकली की आपला प्रश्न जरा घाईचा वाटतो.

एक कारण अगदी रोखठोक आहे. २०१७ मध्ये पासपोर्ट देताना अटी आल्या. आरसी आणि आयसी परत करा. तिबेटी वसाहतीत राहत नसल्याचं आणि तिबेटी प्रशासनाकडून कुठले लाभ घेत नसल्याचं लिहून द्या. म्हणजे भारतीय व्हायचं असेल तर आजीचं घर सोडा. आईवडिलांनी जंगल तोडून केलेलं शेत सोडा. या अटींना पुढे कोर्टात आव्हान दिलं गेलं, पण मनात बसलेली भीती अजून गेलेली नाही. मतदार यादीत नाव घातलं तर आरसी जाईल, या धास्तीनेही काही जण दूर राहिले.

दुसरं कारण कागदापलीकडचं आहे. सगळ्यांनीच एकेक करून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तर तिबेटी म्हणून दावा सांगायला उरेल कोण? आरसीवरचा 'तिबेटी' हा शब्द हाच कित्येकांना आपल्या देशाचा शेवटचा पुरावा वाटतो. तो आपल्या हाताने खोडायचा, हे मनाला पटत नाही. १९४७ मध्ये ल्हासाच्या सरकारने त्सेपोन शाकाब्पा या अधिकाऱ्याला दिलेला पासपोर्ट आजही जपून ठेवला आहे. भला मोठा घडीचा कागद, त्यावर ब्रिटन-अमेरिकेसारख्या देशांचे शिक्के. आम्हालाही पासपोर्ट होता हे सांगताना तिबेटी लोक या कागदाचा दाखला देतात.

आजचा त्यांचा कागद म्हणजे हिरवी वही, 'ग्रीन बुक'. धरमशालेचं तिबेटी प्रशासन ती देतं. तिच्या पानांवर दरवर्षी छोट्याशा ऐच्छिक वर्गणीची नोंद होते. ही वही दाखवून कुठल्याही देशाची सीमा ओलांडता येत नाही. पण त्यांच्या निवडणुकीत मत द्यायला ती लागते. बैलकुप्पेचा माणूस या निवडणुकीत मत देतोच. २०२१ मध्ये या प्रशासनाचे प्रमुख म्हणून निवडून आलेले पेन्पा त्सेरिंग तर बैलकुप्पेतच जन्मले आणि तिथल्याच शाळेत शिकले.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९९१ मध्ये या निर्वासित समाजाने स्वतःची सनद लिहिली. तिच्यात नागरिकत्वाचं कलम आहे. परिस्थितीमुळे एखाद्या तिबेटी माणसाला दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घ्यावं लागलं, तरी सनदेत सांगितलेली कर्तव्यं तो पाळत असेल तर त्याचं तिबेटी नागरिकत्व राहतं. म्हणजे टोरंटोची आत्या वर्गणी भरत राहिली तर अजूनही तिबेटची नागरिक. ज्यांच्या हातात जमिनीचा तुकडा नाही, त्यांनी आपल्या माणसांना दोन्ही डगरींवर पाय ठेवायची मुभा दिली. आपला देश ती देत नाही.

तिबेटी प्रशासनाने भारतीय पासपोर्टबद्दलही तोंड वाकडं केलेलं नाही. घ्यायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं, अशी त्यांची भूमिका आहे. वयस्कर माणसं आणि तरुण यांच्यात यावरून मतभेद आहेत, ते राहणारच. विशीतल्या मुलीला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळालेला असतो आणि पिवळं पुस्तक बघून व्हिसा अधिकारी भुवया उंचावतो. तिला आजीचा युक्तिवाद किती दिवस पुरणार?

आणि भारताबद्दलची ओढ कमी आहे म्हणून कोणी कागद नाकारतं, असं तर मुळीच नाही. १९६२ च्या युद्धानंतर तिबेटी तरुणांचं एक विशेष दल उभारलं गेलं, जे १९७१ च्या युद्धातही लढलं. २०२० च्या ऑगस्टमध्ये लडाखमध्ये पँगाँग तलावाजवळ या दलाचे कंपनी लीडर न्यिमा तेन्झिन सुरुंगाच्या स्फोटात गेले. लेहला त्यांच्या शवपेटीवर तिरंगाही होता आणि तिबेटचा झेंडाही.

आपल्या घरातलं निळं पुस्तक

बैलकुप्पेहून परत येताना आपल्या घराचा विचार मनात येतोच. भारतीय नागरिकत्व कायद्याचं नववं कलम स्पष्ट आहे. स्वतःच्या इच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याच क्षणी भारताचं संपतं. पासपोर्ट परत करावा लागतो. परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये २,२५,६२० जणांनी, २०२३ मध्ये २,१६,२१९ आणि २०२४ मध्ये २,०६,३७८ जणांनी भारतीय नागरिकत्व सोडलं. त्यांतली मराठी नावं किती, हे कळायला वेगळा आकडा कशाला हवा? प्रत्येकाच्या घरी एखादं आहेच.

पण न सोडणाऱ्यांकडे कोणी बघत नाही. आखाती देशांत रत्नागिरी-रायगडची माणसं उभं आयुष्य घालवतात. तिथे नागरिकत्व मिळण्याची शक्यताच जवळजवळ नसते, म्हणून निळं पुस्तक राहतं. अमेरिकेत नोकरीतून ग्रीन कार्ड मिळवायचं तर एका देशाच्या वाट्याला एकूण कार्डांपैकी सात टक्क्यांहून जास्त येत नाहीत. त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. तिथलं घर, तिथली शाळा, हप्ते तिथले, मुलं जन्माने अमेरिकन आणि आईवडील अजून भारतीय. हे नागरिकत्व 'जपलेलं' म्हणायचं की 'अडकलेलं', त्यांचं त्यांनाच सांगता येणार नाही. आणि ग्रीन कार्ड मिळूनही मुद्दाम पुढची पायरी न चढणारे थोडे असतातच. त्यांना कोणी हळवे म्हणतं, कोणी वेडे.

अशा घरांत काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. मूल परदेशात जन्मलं आणि त्याला भारतीय ठेवायचं असेल तर एका वर्षाच्या आत वकिलातीत जन्माची नोंद करायला हवी आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं लिहून द्यायला हवं. मुळात परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदानाचा हक्क आहे. २०१० च्या कायदा दुरुस्तीने तो मिळाला. पण मतदान केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं, त्यामुळे न्यू जर्सीहून सांगलीला येऊन बटण दाबणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. नागरिकत्व सोडून ओसीआय कार्ड घेतलेल्यांना व्हिसाची कटकट नसते, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. गावाकडच्या वाटण्यांमध्ये या एका ओळीवरून केवढे गैरसमज होतात!

आपल्याकडचं निळं पुस्तक सोडायचं की ठेवायचं हे गणित बहुतेक वेळा नफ्यातोट्याचं असतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. बैलकुप्पेतही तसं गणित मांडलं जातं, आणि ते गणित हल्ली अनेकांना बाहेर नेतं. तिबेटी प्रशासनाच्या २००९ च्या पाहणीत भारतात सुमारे ९४,००० तिबेटी होते. त्यानंतर हा आकडा घटत गेला आहे. अमेरिकेने १९९० च्या कायद्यात भारत-नेपाळमधल्या तिबेटी लोकांसाठी १,००० व्हिसा ठेवले होते. ते गेले, मग त्यांनी घरच्यांना नेलं. युरोप, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असे रस्ते उघडत गेले. तिथे गेलेला माणूस पाच-सात वर्षांत तिथला नागरिक होतो. साठ वर्षांत भारतात न घेतलेला कागद तो तिथे घेतो, कारण तिथे त्याच्यापुढे कोणी आजीचं घर सोडायची अट ठेवत नाही. वसाहतीतल्या शाळांमध्ये मुलं कमी झाली आहेत. शेतं कसायला हात कमी पडतात. मागे राहिलेली आजी आरसीची तारीख कधी संपते, ते कॅलेंडरवर बघत असते.

मुक्कामाला थांबायचं असेल तर

म्हैसूरच्या पुढच्या सहलीत अर्ध्या तासाऐवजी एक दिवस बैलकुप्पेला द्या. पहाटे सेरा मठात मंत्रपठण सुरू होतं. दुपारी भिक्खू अंगणात टाळ्या वाजवत वादविवाद करतात, तो प्रकार एकदा बघण्यासारखा असतो. वाड्यांमधून पायी फिरा, दुकानात बसून थुक्पा खा.

सोबत अमेरिकेत राहणारी भाची आणि तिचं कुटुंब असेल, तर मात्र आधी चौकशी करा. परदेशी नागरिकाला तिबेटी वसाहतीत रात्री मुक्काम करायचा तर गृहमंत्रालयाची वेगळी परवानगी लागते आणि अशा क्षेत्रासाठी ओसीआय कार्डही पुरत नाही. ती परवानगी मिळायला वेळ लागतो. म्हणजे अजून भारतीय पासपोर्ट असलेला जावई गेस्ट हाऊसच्या वहीत नाव लिहून खुशाल झोपेल आणि अमेरिकन पासपोर्टवाल्या भाचीला मुलांना घेऊन रात्री कुशालनगरच्या हॉटेलात जावं लागेल. ती वही पुढे सरकवणारा, बैलकुप्पेतच जन्मलेला माणूस हे सगळं अगदी शांतपणे समजावून सांगतो. त्याला असल्या रकान्यांची सवय आहे.